बंदरांची यादी

उत्तरेस उरणपासून दक्षिणेस हरिहरेश्वरपर्यंत पसरलेला रायगड जिल्ह्याचा किनारा नकाशावर एखाद्या वाकड्यातिकड्या रेषेसारखा दिसतो. ही रेषा सरळ नाही, कारण ठिकठिकाणी समुद्र जमिनीत शिरला आहे. धरमतरची खाडी, रेवदंड्याजवळची कुंडलिकेची खाडी, राजपुरीची खाडी आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील बाणकोटची खाडी, अशा लहानमोठ्या खाड्यांनी हा किनारा कातरला गेला आहे. या खाड्यांच्या काठी जुनी बंदरे वसलेली आहेत. खोल समुद्रातून जाणाऱ्या परक्या जहाजाला डोंगर दिसतात, नारळी-पोफळींची हिरवी रेघ दिसते. परंतु खाडीच्या वळणाआड असलेले बंदर दिसत नाही. ते तेथे आहे हे ज्याला आधीच ठाऊक असेल, तोच आपले जहाज तिकडे वळवील.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या बाजूने भारताकडे व्यापारासाठी येणाऱ्या ग्रीक भाषा बोलणाऱ्या खलाशांपुढे हीच अडचण होती. तेव्हा, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, त्यांच्यापैकी कोणा जाणत्या माणसाने एक पुस्तक लिहून ठेवले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेला प्रवास. या पुस्तकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे क्रमाने दिली आहेत. त्यांत कॅलिएना म्हणजे आजचे कल्याण. त्याच्या पुढे सेमुल्ला हे नाव येते. हे सेमुल्ला म्हणजे अलिबाग तालुक्यातील चौल होय, असे विद्वान मानतात. सेमुल्लाच्या पुढे मंदगोरा आणि आणखी काही बंदरांची नावे आहेत. या बंदरांचे वर्णन ग्रंथकाराने फारसे केलेले नाही. एकापुढे एक नुसती नावे लिहिली आहेत. पण तेवढ्यानेही मोठे काम साधले. नाव यादीत आले, की त्या बंदराचे अस्तित्व हजारो कोस दूर असलेल्या माणसाला कळले.

अशाच प्रकारच्या याद्या आज इंटरनेटवर तयार केल्या जातात. त्यांना ‘साइटमॅप’ असे म्हणतात. ‘साइट’ म्हणजे स्थळ आणि ‘मॅप’ म्हणजे नकाशा. परंतु नाव नकाशाचे असले, तरी साइटमॅप हा रेषा आणि रंग यांनी काढलेला नकाशा नसतो. पेरिप्लसमधील बंदरांप्रमाणे तीही एक यादीच असते. ही यादी कशासाठी लागते, ती कशी लिहितात आणि ती लिहिताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे समजण्यासाठी इंटरनेटवरील माहिती कशी मांडलेली असते ते प्रथम पाहिले पाहिजे.

इंटरनेटवर कोणी आपली माहिती लोकांसाठी खुली करतो, तेव्हा तो एक संकेतस्थळ तयार करतो. संकेतस्थळ हे पुस्तकासारखे अनेक पृष्ठांचे असते. परंतु पुस्तकाची पृष्ठे शिवणीने एकत्र बांधलेली असतात, तशी ही पृष्ठे बांधलेली नसतात. ती एकमेकांना दुव्यांनी जोडलेली असतात. एका पृष्ठावरील विशिष्ट शब्दावर बोट ठेवले, की दुसरे पृष्ठ उघडते. तो शब्द म्हणजे दुवा. प्रत्येक पृष्ठाला स्वतःचा एक पत्ता असतो. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली ही कल्पना मांडली आणि १९९१ साली जगातील पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले.

प्रारंभी संकेतस्थळे इतकी थोडी होती, की त्यांची यादी हाताने लिहून ठेवणे शक्य होते. बर्नर्स-ली यांनी तशी यादी ठेवलीही होती. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची विषयवार यादी करण्यास सुरुवात केली. तीच पुढे ‘याहू’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु संकेतस्थळांची संख्या पावसाळी गवतासारखी वाढू लागली आणि माणसांच्या हातून ती सर्व पाहून होणे अशक्य झाले. मग हे काम संगणकांकडे सोपवावे लागले. त्यांतून शोधयंत्रे निर्माण झाली.

शोधयंत्राजवळ एक फिरता कार्यक्रम असतो. इंग्रजीत त्याला ‘क्रॉलर’ म्हणजे सरपटणारा किंवा ‘स्पायडर’ म्हणजे कोळी असे म्हणतात. मराठीत ‘कोळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणून त्यावरून धावणारा प्राणी हा एक, आणि होडी घेऊन समुद्रात जाणारा, जाळे टाकून मासळी आणणारा दर्यावर्दी हा दुसरा. शोधयंत्राच्या या कोळ्याला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. तो दुव्यांच्या धाग्यांवरून एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर धावत जातो. आणि जे सापडेल ते घेऊन माघारी येतो.

त्याच्या कामाची रीत अशी असते. तो एक पृष्ठ उघडतो, त्यावरील मजकूर वाचतो आणि त्यात जे दुवे असतील त्यांची नोंद करतो. मग त्या दुव्यांनी दाखविलेली पृष्ठे एकामागून एक उघडतो व तेथेही तसेच करतो. आणलेल्या मजकुरावरून शोधयंत्र एक प्रचंड सूची तयार करते. कोणता शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे, हे त्या सूचीत लिहिलेले असते. एखाद्या मुलाने शोधयंत्राला ‘चौलचा इतिहास’ असे विचारले, की ते त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळीत नाही. ते आपली सूची उघडते आणि तीतून उत्तर देते. याचा अर्थ असा, की जे पृष्ठ कोळ्याने पाहिलेच नाही, ते सूचीत नसते. आणि जे सूचीत नसते, ते विचारणाऱ्याला दाखविले जात नाही.

आता असे समजा, की किनाऱ्यावरील एका गावाच्या शाळेने गावाचे संकेतस्थळ तयार केले. पहिल्या पृष्ठावर गावाची ओळख लिहिली. तेथून शाळेच्या पृष्ठाकडे, गावच्या इतिहासाकडे, आरोग्यकेंद्राच्या वेळांकडे आणि तरीच्या वेळापत्रकाकडे दुवे दिले. काही महिन्यांनी एका शिक्षकांनी अतिशय उपयोगी असे एक नवे पृष्ठ लिहिले. वादळ आल्यास गावकऱ्यांनी कोठे आश्रय घ्यावा, होड्या कोठे ओढून ठेवाव्यात, वृद्धांना व आजाऱ्यांना कोणत्या वाटेने हलवावे, हे सारे त्यात नीट सांगितले. पृष्ठ संकेतस्थळावर ठेवले गेले. पण इतर कोणत्याही पृष्ठावरून त्याकडे दुवा देण्याचे राहून गेले. आता काय होईल? पृष्ठ आहे, त्यातील माहिती खरी आहे, परंतु तेथे जाण्यास वाट नाही. कोळी धाग्यावरून चालणारा; धागाच नाही, तर तो तेथे पोचणार कसा? अशा पृष्ठाला पोरके पृष्ठ म्हणता येईल.

दुसरी अडचण निराळ्या तऱ्हेची आहे. त्याच संकेतस्थळावर भरती-ओहोटीच्या वेळा पाहण्याची सोय केली. एका रिकाम्या चौकटीत तारीख लिहिली, म्हणजे त्या दिवसाच्या वेळांचे पृष्ठ उघडते. माणूस तारीख लिहील. पण कोळी सहसा अशा चौकटी भरीत बसत नाही. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला जसा ओहोटीच्या वेळी पायी चालत गाठता येतो आणि भरती आली की त्याची वाट पाण्याखाली जाते, तशी या पृष्ठांची स्थिती असते. किल्ला जागच्या जागीच असतो. दिसेनाशी होते ती वाट.

अशी वाट न सापडणारी पृष्ठे कोळ्याला कळावीत, यासाठी साइटमॅप तयार करतात. संकेतस्थळाचा चालकच आपल्या सर्व पृष्ठांचे पत्ते एका यादीत लिहून ती यादी कोळ्याच्या हाती देतो. ‘वाट सापडो वा न सापडो, ही पृष्ठे माझ्याकडे आहेत’, असे तो सांगतो. या यादीचा ठराविक नमुना गूगल या शोधयंत्राने २००५ सालच्या जून महिन्यात प्रथम पुढे मांडला. २००६ सालच्या नोव्हेंबरमध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही तोच नमुना मान्य केला. या तिन्ही संस्था एकमेकींच्या स्पर्धक होत्या. तथापि, प्रत्येकीने निराळी यादी मागितली असती, तर लहानसहान संकेतस्थळांचे चालक त्रासून गेले असते आणि याद्या झाल्याच नसत्या. म्हणून या एका बाबतीत त्यांनी एकमताने वागणे पत्करले.

ही यादी ‘एक्सएमएल’ नावाच्या लेखनपद्धतीत लिहिलेली असते. ही पद्धत १९९८ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिचे मर्म समजण्यास पोस्टाच्या पत्त्याचा उपयोग होतो. पाकिटावर ‘मु. पो. चौल, ता. अलिबाग, जि. रायगड’ असे लिहितात. ‘ता.’ ही खूण पुढचे नाव तालुक्याचे आहे असे सांगते, ‘जि.’ ही खूण पुढचे नाव जिल्ह्याचे आहे असे सांगते. टपाल वाटणाऱ्याने अलिबाग कधी पाहिले नसले, तरी त्याचा घोटाळा होत नाही. एक्सएमएलमध्येही प्रत्येक माहितीला अशी खूण लावतात. फरक इतकाच, की येथे माहितीच्या आधी एक खूण असते आणि माहिती संपली हे सांगण्यासाठी नंतर दुसरी खूण असते. माणूस अंदाजाने पुष्कळ समजून घेतो. यंत्राला अंदाज बांधण्यास लावू नये, म्हणून माहिती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे त्याला स्पष्ट सांगितलेले बरे.

साइटमॅपमध्ये प्रत्येक पृष्ठासाठी एक छोटी नोंद असते. तिच्यातील ‘लॉक’ ही खूण पृष्ठाचा पत्ता दाखविते. ही खूण आवश्यकच आहे; पत्त्यावाचून नोंदीला अर्थ नाही. ‘लास्टमॉड’ ही खूण त्या पृष्ठात शेवटचा बदल कधी झाला ते सांगते. तारीख लिहिताना प्रथम वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस असा क्रम ठेवतात. याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘०३-०६-२०२०’ ही तारीख भारतातील वाचक ३ जून अशी वाचील, तर अमेरिकेतील वाचक तीच ६ मार्च अशी वाचील. ‘२०२०-०६-०३’ असे लिहिण्याचा संकेत सर्वांनी पाळला, म्हणजे हा घोटाळा टळतो.

एका यादीत ५०,००० पेक्षा अधिक पत्ते लिहू नयेत, आणि यादीचा आकार ५० एमबीपेक्षा मोठा होऊ नये, असा नियम आहे. मोठ्या संकेतस्थळांची पृष्ठे याहून पुष्कळ अधिक असतात. तेव्हा ते अनेक याद्या करतात आणि त्या याद्यांची आणखी एक यादी बनवितात. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. जिल्ह्यातील प्रत्येक गावाचे नाव एकाच कागदावर न लिहिता तालुक्यावार १५ कागद करावेत आणि वर एक कागद त्या १५ कागदांची नोंद करणारा ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

मराठी पत्त्यांच्या बाबतीत एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंटरनेटच्या पत्त्यांचे नियम रोमन अक्षरे मनात धरून केलेले होते. म्हणून पृष्ठाच्या पत्त्यात देवनागरी शब्द असला, तर यादीत तो सांकेतिक रूपात लिहावा लागतो. देवनागरीतील प्रत्येक वर्णासाठी आणि प्रत्येक काना-वेलांटीसाठी नऊ चिन्हे खर्ची पडतात. ‘अलिबाग’ या शब्दात अ, ल, वेलांटी, ब, काना आणि ग अशी सहा चिन्हे आहेत. सांकेतिक रूपात त्यांची ५४ होतात! वाचणाऱ्या माणसाला ती रांग निरर्थक वाटते. कोळी मात्र तिच्यावरून ‘अलिबाग’ हा शब्द बिनचूक ओळखतो.

यादी तयार झाली, की ती कोठे आहे हे कोळ्याला कळवावे लागते. संकेतस्थळाच्या दाराशी ‘रोबोट्स’ नावाचा एक छोटा मजकूर ठेवण्याची प्रथा १९९४ सालापासून आहे. कोळ्याने संकेतस्थळाच्या कोणत्या भागात जाऊ नये, हे त्यात लिहिलेले असते. २००७ सालापासून याच मजकुरात साइटमॅपचा पत्ताही लिहिता येऊ लागला. शहाणा कोळी प्रथम हा मजकूर वाचतो आणि तेथून यादीकडे वळतो.

परंतु यादीत नाव आले म्हणजे सर्व काही झाले, असे मात्र नाही. यादी ही विनंती आहे, आज्ञा नव्हे. पत्ता यादीत असूनही ते पृष्ठ आपल्या सूचीत घ्यावे की नाही, हे शोधयंत्रच ठरविते. तसेच प्रत्येक संकेतस्थळाला यादी लागतेच असेही नाही. ज्याची पृष्ठे थोडी असून दुव्यांनी नीट जोडलेली आहेत, त्याची सर्व पृष्ठे कोळ्याला यादीशिवायही सापडतात. ज्याचा पसारा मोठा आहे, जे नवे आहे आणि म्हणून ज्याकडे बाहेरून फारसे दुवे येत नाहीत, त्याला यादीचा खरा उपयोग होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट यादीच्या खरेपणाची आहे. यादीच्या मूळ नमुन्यात आणखी दोन खुणांची सोय होती. पृष्ठ किती वेळा बदलते हे एका खुणेने सांगावे, आणि आपल्या इतर पृष्ठांच्या मानाने ते किती महत्त्वाचे आहे हे दुसऱ्या खुणेने शून्य ते एक या मर्यादेत सांगावे, अशी योजना होती. पण माझे हे पृष्ठ बिनमहत्त्वाचे आहे, असे स्वतः होऊन कोण लिहिणार? बाजारात प्रत्येक विक्रेता आपलीच मासळी ताजी असल्याचे सांगतो. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. गूगल आज या दोन खुणांकडे लक्षच देत नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र ते विचारात घेते; पण तीही केव्हा? ती नेहमी खरी असते, असे पडताळून पाहिल्यावर आढळले तरच.

काही चालक या तारखेच्या बाबतीत चलाखी करतात. एक अक्षरही बदललेले नसताना ते सर्व पृष्ठांवर रोज आजची तारीख घालतात. आपले संकेतस्थळ सदैव ताजे दिसावे, हा त्यांचा हेतू असतो. प्रारंभी कोळी येतो, पृष्ठे पाहतो आणि त्यांत नवे काही नाही असे त्याला आढळते. असे वारंवार घडले, की शोधयंत्र त्या तारखांवर विश्वास ठेवणे सोडून देते. मग एखाद्या दिवशी खरोखरच महत्त्वाचा बदल झाला, तरी त्या तारखेकडे लक्ष दिले जात नाही. ‘लांडगा आला रे आला’ असे खोटेच ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणेच यंत्रेही वागतात. आपली यादी बदलली असे शोधयंत्राला तत्काळ कळविण्याची एक सोय पूर्वी होती. तिच्यातून येणाऱ्या सूचनांपैकी बहुतेक निरुपयोगी ठरू लागल्या, म्हणून ती सोय बंद करीत असल्याचे गूगलने २०२३ साली जाहीर केले. काही जणांच्या गैरवापरामुळे सरळ मार्गाने वागणाऱ्यांचीही सोय गेली.

पत्त्याच्या बाबतीतही असाच खरेपणा लागतो. आजचा रायगड जिल्हा पूर्वी कुलाबा जिल्हा या नावाने ओळखला जात असे. १९८१ साली त्याचे नाव बदलले. नाव बदलल्यावर जुन्या नावाने पाठविलेले पत्र ओळखीमुळे पोचेलही. परंतु नवी पत्रे नव्याच नावाने पाठविणे योग्य. संकेतस्थळातील पृष्ठाचा पत्ता बदलला, तर यादीतून जुना पत्ता काढून नवा लिहिला पाहिजे. पृष्ठ नष्ट झाले असेल, तर त्याचे नावही काढले पाहिजे. नाही तर कोळी ओसाड जागी जाऊन रिकाम्या हातांनी परत येतो आणि त्या खटाटोपात नवी पृष्ठे पाहण्याचे राहून जाते.

तारीख चुकली तर एवढे काय बिघडते, असे एखाद्याला वाटेल. ३ जून २०२० या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. दुपारच्या त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड या भागांतील नारळी-पोफळींच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. घरांची छपरे उडाली. अनेक गावांत वीज आणि दूरध्वनी बंद पडले. या गावांतील किती तरी माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहतात. गावी म्हातारे आईवडील, आणि त्यांचा आवाजही ऐकू येत नाही, अशा स्थितीत ती माणसे होती. अशा वेळी मुंबईतील मुलगा शोधयंत्राला विचारतो, ‘आमच्या गावाकडचा रस्ता खुला झाला का? मदत कोठे मिळते?’ त्याच्यापुढे दोन वर्षांपूर्वीची सूचना आली आणि ती आजचीच आहे असे त्याला वाटले, तर तो भलत्याच वाटेने निघेल. आणि ज्या पृष्ठावर खरी सूचना आहे ते पोरके राहिले असेल, तर ते असून नसल्यासारखेच.

साइटमॅप ही धोक्याची घंटा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कोळी यादी केव्हा वाचील, याची निश्चिती नसते. वादळ तोंडावर आले असताना नभोवाणी, दूरध्वनीवरील संदेश आणि गावातील ध्वनिक्षेपक यांवरच भिस्त ठेवावी लागते. साइटमॅपचे काम शांततेच्या दिवसांत करून ठेवावयाचे असते. वादळापूर्वीच्या महिन्यांत आश्रयस्थानांचे पृष्ठ नीट लिहून, त्याकडे दुवे देऊन, त्याचे नाव यादीत घालून ठेवले असेल, तर प्रसंगाच्या दिवशी ते सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. छपराची कौले चैत्र-वैशाखात शाकारतात. पाऊस सुरू झाल्यावर कोणी शिडी लावीत नाही.

येथवर सांगितलेली यादी यंत्रासाठी असते. परंतु संकेतस्थळाला भेट देणाऱ्या माणसांसाठीही साइटमॅप करतात. त्याचे रूप अगदी निराळे असते. यंत्राला हजारो पत्त्यांची रांग दिली, तरी ते कंटाळत नाही. माणसाला मात्र ती रांग निरुपयोगी आहे. त्याला पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी मांडणी हवी असते. आमच्या उदाहरणातील गावाच्या संकेतस्थळावर ‘शाळा’, ‘आरोग्य’, ‘प्रवास’, ‘संकटकाळी’ अशी ठळक नावे असावीत आणि प्रत्येक नावाखाली त्या त्या विषयाच्या पृष्ठांचे दुवे असावेत. एस.टी. स्थानकावर उतरलेला पाहुणा भिंतीवरील फलक पाहून आपली गाडी शोधतो, तसा वाचक या पृष्ठावरून आपली वाट शोधतो. अनेक शासकीय संकेतस्थळांवर ‘साइट मॅप’ असा दुवा दिलेला असतो तो याचसाठी.

ज्यांना दिसत नाही असे वाचकही संकेतस्थळांचा उपयोग करतात. त्यांचा संगणक पृष्ठावरील मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवितो. चित्रांनी भरलेल्या पृष्ठावर हवी ती गोष्ट शोधताना त्यांची फार दमछाक होते. सर्व दुवे एके ठिकाणी नीट क्रमाने मांडलेले असले, तर त्यांना एकामागून एक नावे ऐकून हव्या त्या पृष्ठाकडे जाता येते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी जगभर मान्य झालेली जी मार्गदर्शक तत्त्वे २००८ साली प्रसिद्ध झाली, त्यांत एक तत्त्व असे आहे, की कोणत्याही पृष्ठाकडे जाण्याचे एकाहून अधिक मार्ग असावेत. असा साइटमॅप हा त्या मार्गांपैकी एक होय. शिवाय माणसांसाठी केलेल्या या पृष्ठावरील दुवे कोळ्यालाही वाचता येतात. तेव्हा माणसाची सोय करताना यंत्राचीही सोय आपोआप होते.

चौलचे बंदर आज पूर्वीसारखे गजबजलेले नाही. दूरदेशीची गलबते जेथे नांगर टाकीत, त्या परिसरात आज नारळी-पोफळींच्या शांत वाड्या आहेत. पेरिप्लसच्या यादीत मात्र त्याचे नाव अजून व्यापारी बंदर म्हणूनच वाचावयास मिळते. ती यादी लिहिणाऱ्याकडे काही दोष जात नाही. त्याने त्याच्या काळी खरे तेच लिहिले. पुढे तिच्यात दुरुस्ती करणारे कोणी उरले नाही, म्हणून ती इतिहासाचे साधन झाली. चालत्या संकेतस्थळाची यादी अशी होऊन चालत नाही. ती एका दिवसात लिहिता येते. पण खरी ठेवण्याचे काम रोज करावे लागते. गावच्या संकेतस्थळावर वादळाचे पृष्ठ लिहिणाऱ्या त्या शिक्षकांचे काम पृष्ठ लिहून अर्धेच झाले होते. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्या पृष्ठाकडे दुवा दिला, यादीत त्याचा पत्ता आणि खरी तारीख लिहिली, म्हणजे ते पुरे झाले. मग किनाऱ्यापासून दूर असलेल्या कोणालाही, गरज पडेल त्या दिवशी, ते सापडू शकेल.